1709: फ्रान्समधली दुबार पेरणी

5 जानेवारी 1709 रोजी पॅरिसच्या आसपासची शेतं ओलीचिंब होती. आधीचे काही दिवस उबदार आणि पावसाचे गेले होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला गहू जमिनीवर चार बोटं आला होता. त्या रात्री वारा उत्तरेकडून सुटला आणि 6 तारखेला, एपिफनीच्या सणाच्या सकाळी, चिखलाचा दगड झाला होता. पुढे जवळजवळ तीन आठवडे गारठा हटला नाही. पॅरिसमध्ये पारा उणे 20 अंशांच्या आसपास गेला असावा, असा आजचा अंदाज आहे. सेन नदी गोठली, ऱ्होन नदी गोठली, मार्सेयच्या बंदरातही बर्फ धरला.

या हिवाळ्याची गोष्ट बहुतेक वेळा व्हर्सायच्या राजवाड्यापासून सुरू होते. राजा चौदावा लुई याच्या भावाची विधवा शेकोटीला खेटून, अंगभर फर पांघरूनही कुडकुडत पत्रं लिहीत होती. शेकोटी पेटलेल्या खोल्यांतल्या कपाटांत अर्काच्या बाटल्या फुटत होत्या, असं सें-सिमों या दरबारी सरदाराने लिहून ठेवलं आहे. हे सगळं खरं आहे. पण ज्या कारणाने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून सुमारे सहा लाख माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली, ते कारण जमिनीखाली दोन-तीन इंचांवर होतं. थंडीने गहू मारला. गहू गेल्यानंतर कोणी काय केलं, कोणाला काय करू दिलं नाही आणि किती दिवस वाया गेले, यावर पुढचं सगळं ठरलं. म्हणून हे वर्ष शेताच्या बाजूने पाहायला हवं.

गहू नेमका कशाने गेला

उत्तर फ्रान्सचा गहू थंडीला भिणारा नाही. शरद ऋतूत पेरायचा, हिवाळाभर बर्फाखाली झोपू द्यायचा आणि उन्हाळ्यात कापायचा, हीच तिथली रीत. भुसभुशीत हिम रोपावर गोधडीसारखं काम करतं. वर हवा उणे पंधरा असली तरी हिमाखालची माती शून्याच्या फार खाली जात नाही. शिवाय थंडी हळूहळू वाढली तर रोप स्वतःला तयार करतं. पेशींतलं पाणी कमी होतं, साखर वाढते आणि फुटव्याचा डोळा तग धरतो.

1709 मध्ये या दोन्ही गोष्टी हुकल्या. थंडी एका रात्रीत आली, तीही उबदार पावसानंतर. रोपं पाण्याने भरलेली होती आणि तयारीला त्यांना वेळच मिळाला नाही. तरीही पहिल्या लाटेतून बराच गहू वाचला असता, कारण मधल्या दिवसांत बऱ्याच भागांत हिम पडलं होतं. घात केला तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या उबेने. हिम वितळलं, पाणी शेतात साचलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा कडाका पडला. आता वर गोधडी नव्हती आणि खाली चिखल होता. चिखल गोठला की फुगतो आणि वर उचलला जातो. त्याच्याबरोबर रोप उचललं जातं, खालच्या मुळ्या मात्र जागीच राहतात, म्हणजे तुटतात. पुन्हा वितळलं की रोप उघड्या मुळ्यांवर आडवं पडतं. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये हेच पुन्हा झालं. दुसऱ्या गोठण्याने सगळं संपवलं, असं सें-सिमोंनेही लिहिलं आहे, आणि शेतीच्या अंगाने ते अगदी बरोबर आहे.

दक्षिणेत झाडं गेली. प्रोव्हांस आणि लांगदॉकमधले ऑलिव्ह, मध्य फ्रान्समधले अक्रोड, डोंगराळ भागातले चेस्टनट, जागोजागचे द्राक्षमळे. चेस्टनटचं नुकसान वरवर किरकोळ वाटतं, पण जिथे गहू पिकत नाही तिथे गरिबाचा पाव चेस्टनटच्या पिठाचा असतो. गव्हाचं शेत एका वर्षात पुन्हा उभं राहतं, चेस्टनटच्या झाडाला तसं जमत नाही.

मार्च-एप्रिल: नांगर घालायचा की थांबायचं

मार्चच्या मध्यानंतर जमीन मोकळी झाली आणि शेतकऱ्यांनी माती उकरून पाहिली. मुळं काळी पडली होती. ज्यांचं डोकं चाललं त्यांनी तिथेच निर्णय घेतला: गव्हावर नांगर फिरवायचा आणि जव पेरायचा. वसंतात पेरलेला जव साधारण चार महिन्यांत तयार होतो. एप्रिलअखेरपर्यंत, फार तर मेच्या सुरुवातीपर्यंत तो जमिनीत पडला तर ऑगस्टमध्ये कापणी होते. जवाचा पाव जड, काळपट आणि लवकर वाळणारा असतो, पण पोट भरतो.

इथे प्रशासन आडवं आलं. सें-सिमोंच्या शब्दांचा आशय असा: शहाण्यांनी गव्हाच्या जमिनीत पुन्हा जव पेरला, बहुतेकांनी त्यांचं अनुकरण केलं आणि त्यातच सुटका होती, पण अधिकाऱ्यांना ते मना करण्याची बुद्धी झाली आणि पश्चात्ताप झाला तेव्हा उशीर झाला होता. सें-सिमों मंत्र्यांचा द्वेष करायचा, त्यामुळे त्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते. मनाई सगळीकडे सारखी नव्हती आणि नंतर ती सुटलीही. पण ती घातली गेली होती, आणि ती निव्वळ मूर्खपणाची नव्हती. म्हणूनच तिच्यामागची कारणं नीट पाहायला हवीत.

पहिलं कारण आशेचं. वरून करपलेला गहू कधीकधी एप्रिलमध्ये बुडातून फुटतो. पश्चिमेला समुद्राच्या बाजूला आणि हिम टिकून राहिलेल्या काही पट्ट्यांत 1709 सालीही तो फुटला. पॅरिसमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला कुठलं शेत मेलं आणि कुठलं झोपलं आहे, हे कळायला मार्ग नव्हता. जिवंत गव्हावर नांगर फिरला तर हातचा चांगला पाव जाणार, ही भीती खरी होती.

दुसरं कारण बियाण्याचं. त्या काळी हेक्टरी साधारण दीड-दोन क्विंटल बी टाकत आणि बऱ्या जमिनीत एका दाण्याचे पाच-सहा मिळत. लाखो हेक्टरांवर एकदम जव पेरायचा तर तेवढा जव बाजारातून उचलावा लागणार. आणि त्या वसंतात तोच जव गरिबाच्या ताटात होता. 1708 चं पीक आधीच बेताचं आलेलं. आज खायचं की ऑगस्टसाठी मातीत घालायचं, हा प्रश्न घराघरात होता आणि सरकारपुढेही होता.

तिसरं कारण कागदावरचं. उत्तर फ्रान्सच्या सपाट मुलखात जमीन तीन वाट्यांत फिरे: एका वाट्यात गहू, दुसऱ्यात जव किंवा ओट, तिसरा पडीक. खंडाच्या करारात हा क्रम मोडायला कुळाला साफ मनाई असे, कारण क्रम मोडला की जमीन कसदार राहत नाही, असं मालक मानत. बऱ्याच ठिकाणी खंडही गव्हात मोजला जाई. गव्हाच्या वाट्यात जव टाकणं म्हणजे कराराचा भंग, मालकाचा गव्हाचा हक्क बुडवणं आणि चर्चच्या दशांशाचं गणितही बदलणं. कुळाने स्वतःच्या हिमतीवर नांगर घातला तर उद्या दावा लागू शकत होता. म्हणून वरून परवानगी येणं गरजेचं होतं. परवानगी आली, पण एप्रिल निम्मा-अधिक सरल्यावर. जवाच्या पेरणीत तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे काय, हे शेती करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

ज्यांनी हुकमाची वाट न पाहता पेरलं, त्यांची शेतं ऑगस्टमध्ये भरून आली. 1709 चा जव अपवादाने चांगला आला. गव्हासाठी खत घातलेली, नांगरून तयार केलेली चांगली जमीन जवाला क्वचितच मिळते. त्या वर्षी मिळाली.

मोजणीचा हुकूम

अर्थखातं निकोला देमारे याच्याकडे होतं. तो लुईचा जुना अर्थमंत्री कोल्बेर याचा भाचा, कामाला वाघ. 27 एप्रिलला राजाच्या नावाने जाहीरनामा निघाला: ज्याच्याकडे धान्य आहे त्याने, मग तो पाद्री असो, सरदार असो की व्यापारी, आठ दिवसांत किती आहे ते नोंदवायचं. खोटं सांगितलं तर कडक शिक्षा. हेतू सरळ होता. धान्य लपवून ठेवलं आहे, ते बाहेर काढलं की भाव उतरेल.

धान्य लपवलेलं होतं, यात शंका नाही. पण मोजणीने दोन उलट गोष्टी झाल्या. ज्याच्याकडे चार पोती जास्त होती, त्याने ती नोंद होण्याआधीच आणखी आत सरकवली. आणि जिथे मोजणी प्रामाणिकपणे झाली तिथे आकडा इतका कमी निघाला की सगळेच धास्तावले. तुटवडा आहे हे माहीत असणं वेगळं आणि तो सरकारी कागदावर येणं वेगळं. भाव चढतच राहिला.

त्यातून ओढाताण सुरू झाली. पॅरिसला सेन, मार्न आणि वाज या नद्यांतून धान्य येई. त्या नद्या हिवाळ्यात गोठल्या होत्या, गिरण्यांची चाकं थांबली होती, त्यामुळे वसंतात शहर आधीच रिकामं होतं. पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख दार्जांसों आणि पार्लमां न्यायालयाचा सरकारी वकील दगेसो यांनी निकोला दलामार या अनुभवी अधिकाऱ्याला शांपान्यमध्ये धान्य काढायला पाठवलं. लिओं शहराची माणसं सोन नदीवरून बर्गंडीचं धान्य ओढत होती. सैन्याचे कंत्राटदार याच भागांत हिंडत होते आणि त्यांच्या हातात राजाचा हुकूम होता. एकाच मुलखात तीन-तीन सरकारी खरेदीदार एकमेकांवर बोली चढवत होते. आणि ज्या गावातून गाडी निघायची, त्या गावच्या बायका रस्त्यावर आडव्या पडत होत्या. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. धान्य त्यांच्या शिवारातलं होतं आणि ते गेलं की परत येणार नव्हतं.

समुद्राची वाटही धड नव्हती. स्पेनच्या वारसाहक्काचं युद्ध 1701 पासून चालू होतं. बाल्टिकचं धान्य इंग्रज आणि डच जहाजांनी अडवलं. भूमध्य समुद्रातून, उत्तर आफ्रिका आणि लेव्हांत म्हणजे पूर्वेकडच्या किनाऱ्याकडून काही गलबतं मार्सेयला पोचली, पण तेवढ्यावर दक्षिणेचीही भूक भागत नव्हती.

एका घराचा हिशोब

भाव चढला म्हणजे काय झालं, हे एका मजुराच्या घरात शिरून पाहू. आकडे ठोकळ घेतले आहेत, प्रमाण मात्र खरं आहे. पॅरिसच्या बाजारात धान्य सेतियेने मोजत. एक सेतिये म्हणजे 156 लिटर, गव्हाच्या वजनात साधारण 117 किलो. त्याचा दळून, भाजून जवळपास तेवढ्याच वजनाचा पाव होतो. 1708 च्या उन्हाळ्यात एक सेतिये 10 लिव्रच्या आत मिळत होतं. 1709 च्या उन्हाळ्यात तेच 40 लिव्रच्या वर गेलं आणि शरदापर्यंत आणखी चढलं.

एका लिव्रचे 20 सू. 10 लिव्र म्हणजे 200 सू, 117 किलोला. म्हणजे किलोला पावणेदोन सू. नवरा-बायको आणि दोन-तीन मुलांना दिवसाला तीन किलो पाव लागतो, कारण पावाव्यतिरिक्त ताटात फारसं काही नसतं. रोजचे पाच-सव्वापाच सू झाले. साध्या मजुराला दिवसाला 12 ते 15 सू मिळत. भाडं, सरपण, मीठ आणि सणवाराचे बिनकामाचे दिवस धरूनही संसार रेटत होता. आता सेतिये 45 लिव्र धरा. किलोला जवळपास साडेसात-पावणेआठ सू, दिवसाला 23 सू. सगळी मजुरी पावात घातली तरी निम्मं कुटुंब उपाशी. शिवाय मजुरी तरी कुठे होती? भाव चढला की लोक कापड घेणं थांबवतात, विणकराचा माग थांबतो, द्राक्षमळे गेले म्हणून छाटणीची कामंही जातात. एप्रिलमध्ये साम्युएल बेर्नार या सर्वांत मोठ्या सावकाराने लिओंच्या पेढीवरची देणी थांबवली आणि व्यापाराचा उरलासुरला पैसाही आटला.

मग माणसं ओट, कोंडा, नेच्याची मुळं, उकडलेलं गवत यांवर आली. जूनमध्ये पॅरिसच्या भटारखान्यांना पांढरा पाव भाजायला बंदी झाली आणि फक्त दोन प्रकारचे जाडेभरडे पाव ठेवले गेले. हा हुकूम चांगला होता. कोंडा न काढता दळलं की त्याच धान्यात जास्त तोंडं भरतात. व्हर्सायमध्ये राजाची दुसरी पत्नी मादाम द मांतनों हिनेही ओटचा पाव खाऊन उदाहरण घालून दिलं.

रस्ता, टांकसाळ, रणांगण

पॅरिसच्या बायका पाव मागायला व्हर्सायकडे चालत निघाल्या, त्यांना सेव्हरच्या पुलावर अडवून परत फिरवलं. याच वाटेने 80 वर्षांनी, ऑक्टोबर 1789 मध्ये, पॅरिसच्या बायका पोचल्याच. 1709 मध्ये मात्र पुलावर सैनिक उभे राहिले आणि पूल टिकला.

20 ऑगस्टला पॅरिसमध्ये सगळ्यात मोठा दंगा झाला. सें-मार्तां आणि सें-दनी या वेशींच्या दरम्यानचा एक जुना उंचवटा सपाट करण्याचं काम गरिबांना देण्यात आलं होतं आणि मजुरी म्हणून मुख्यतः पाव मिळे. आपल्याकडे ज्याला दुष्काळी काम म्हणतात, तेच हे. त्या सकाळी माणसं फार आली आणि पाव कमी पडला. एक बाई मोठ्याने बोलली, तिला खोड्यात घालायची धमकी दिली गेली आणि जमाव उसळला. भटाऱ्यांची दुकानं लुटली गेली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मार्शल बूफ्लेर योगायोगाने जवळच होता. तो गाडीतून उतरून पायी गर्दीत शिरला, लोकांचं ऐकून घेतलं आणि राजापर्यंत पोचवायचा शब्द दिला, तेव्हा ती दुपार शांत झाली. दुष्काळी कामात सगळ्यात धोक्याचा क्षण हाच असतो: जितक्यांना बोलावलं तितक्यांना पुरेल एवढं नसणं. काम काढण्यापूर्वी पाव मोजायचा असतो, आणि त्या दिवशी तो मोजला गेला नव्हता.

जूनमध्ये राजाने सोन्याची भांडी टांकसाळीत पाठवली, दरबाऱ्यांनी चांदीची पाठवली. सगळं वितळवून 30 लाख लिव्रही जमले नाहीत. त्यापेक्षा कितीतरी जास्त आधार वसंतात दक्षिण समुद्रातून, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडून, परतलेल्या जहाजांनी दिला. त्यांच्यावर सुमारे तीन कोटी लिव्रचं सोनं-चांदी होतं आणि त्यातला निम्मा भाग सरकारने कर्जाऊ घेतला.

मे महिन्यात चौदाव्या लुईने तह मागितला होता. परराष्ट्रमंत्री तोर्सी स्वतः हेगला गेला. शत्रूंनी 40 कलमांचा मसुदा पुढे केला. त्यातली मुख्य अट अशी की राजाचा नातू दोन महिन्यांत स्पेनच्या गादीवरून उतरला नाही, तर त्याला उतरवायला राजानेच मदत करायची. लुईने नकार दिला आणि 12 जूनला प्रांताधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र काढून तह का फिसकटला ते प्रजेला सांगितलं. पन्नास वर्षं कोणाला जाब न देता राज्य केलेल्या राजाने हे करावं, ही साधी गोष्ट नव्हती. फ्लँडर्समधल्या सैन्याला व्हिलार सेनापती मिळाला, पाव मात्र रोजच्या रोज मिळत नव्हता. तरीही भरती वाढली, कारण गावात राहून मरण्यापेक्षा सैन्यात अधूनमधून तरी शिधा होता. 11 सप्टेंबरला माल्प्लाकेला लढाई झाली. व्हिलारच्या गुडघ्याला गोळी लागली आणि तीन आठवड्यांपूर्वी पॅरिसच्या गर्दीत शिरलेल्या बूफ्लेरने सैन्य शिस्तीत मागे घेतलं. मैदान शत्रूच्या हाती गेलं, पण त्यांची हानी फ्रेंचांच्या जवळपास दुप्पट होती. पॅरिसवर चालून येण्याचं बळ त्यांच्यात उरलं नाही.

जव आला, तरी माणसं का मेली

ऑगस्टमध्ये जव खळ्यात आला आणि उपासमारीचा उतार सुरू व्हायला हवा होता. जवाचा भाव उतरलाही. गव्हाचा मात्र शरदात आणखी चढला, आणि इथे अनेकांचा अंदाज चुकतो. कारण बियाणं. 1709 चं गव्हाचं पीक जवळपास शून्य. ऑक्टोबरात पेरायला गहू लागणार तो 1708 च्या उरलेल्या साठ्यातून किंवा वाचलेल्या पट्ट्यांतून. ज्याच्याकडे तो होता, तो मागेल ती किंमत घेत होता. उसनवारी करून, गुरं विकून कुळांनी बी मिळवलं. ज्यांना मिळालं नाही त्यांची जमीन पडली आणि त्यातले बरेच कुळ म्हणून परत उभे राहिले नाहीत.

मृत्यूंचा आलेखही हेच सांगतो. चर्चच्या दफन-नोंदींत जानेवारीच्या गारठ्याचा एक कंगोरा दिसतो. मोठी लाट नंतरची आहे, 1709 च्या वसंतापासून 1710 पर्यंत पसरलेली. उपासाने खंगलेल्या शरीराला हगवण, टायफस आणि ताप पुरेसे होतात. गाव सोडून भीक मागत शहराकडे निघालेली माणसं ते रोग वाटेने वाटत गेली. त्याच नोंदींत बाप्तिस्मेही बरेच घटलेले दिसतात. लग्नं थांबली होती आणि उपाशी बायकांना दिवस जात नव्हते. मेलेले आणि न जन्मलेले मिळून सव्वादोन कोटींच्या देशात दोन वर्षांत सुमारे आठ लाखांची तूट पडली. 1693-94 च्या दुष्काळाने याहून दुप्पट माणसं खाल्ली होती. तेव्हा गहू पावसाने सडला होता आणि पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर ते लक्षात आलं. 1709 मध्ये नुकसान मार्चमध्येच उघडं पडलं, जवाला वेळ होता, आणि हा फरक मुख्यतः त्या जवाचा आहे.

1710 च्या उन्हाळ्यात गहू बरा आला आणि भाव मोडला. ऑक्टोबरात देमारेने दहावा हिस्सा नावाचा नवा कर बसवला. तो सरदारांच्या उत्पन्नावरही लागू होता. प्रोव्हांसात ऑलिव्हचे मेलेले बुंधे जमिनीलगत कापून टाकले होते. मुळांतून धुमारे फुटले होते, पण ते फळावर यायला अजून बरीच वर्षं होती आणि तोवर त्या शेतांचा मालक गव्हासाठी उत्तरेकडे पाहत होता.